नहपानाचं नाणं, सातवाहनाचा छाप (भागाचं लिखित रूप)

आजचा विषय नखाएवढ्या चांदीच्या नाण्यांचा.

'दामदुप्पट' म्हणतो ना आपण, त्यातला 'दाम' ग्रीसहून आलाय. ग्रीक नगरांचं चांदीचं नाणं म्हणजे द्राख्मा. त्याचं आपल्याकडं झालं द्रम्म, मग दाम. अथेन्सचा द्राख्मा साधारण ४.३ ग्रॅमचा आणि त्याचा सहावा भाग म्हणजे ओबोल, पाऊण ग्रॅमचाही नाही. हरवू नये म्हणून लोक तो चक्क गालात ठेवायचे!

ही पद्धत वायव्येच्या यवन राजांकडून क्षत्रपांकडं आली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला एक घबाड सापडलं: क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी, प्रत्येकी दोन-सव्वादोन ग्रॅमची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडं बाण आणि वज्र. लिप्या तीन: ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी. गंमत अशी की अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृतच. आपण व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, तसंच.

खरी गोष्ट पुढं आहे. यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलाय. नहपानाला हरवल्यावर त्यानं नाणी वितळवली नाहीत. जळण, मजुरी, नवे गोळे, एवढा खटाटोप कशाला? चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर ठोकला. माझ्या भाषेत सांगायचं तर फॉरमॅट न करता ओव्हरराइट. जुना डेटा खालून दिसतोच, म्हणून तर कोण आधी आणि कोण नंतर हा वाद मिटला.

त्या काळी पैसा कसा फिरायचा तेही बघा. नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यातल्या त्याच्या लेखात आहे की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडं २,००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून वीस भिक्षूंना कापडासाठी बारा-बारा. करा हिशोब: वर्षाचे २४०, वीस गुणिले बारा. बरोब्बर! (शेकडा एक! आपल्याकडं सावकाराचा दर काय असतो, ते तुम्हीच आठवा.)

आता आपल्या बीडचं. जिल्ह्याची उत्तरेची हद्द गोदावरी, आणि तिच्याच काठावर वरच्या अंगाला सातवाहनांचं पैठण. म्हणजे नांगरताना किंवा विहीर खणताना असं काही हाती लागणं अशक्य नाही. लागलंच तर सोनाराकडं नेऊ नका. वितळलं की दोन ग्रॅम चांदी उरते, बस्स. चिंच-लिंबानं घासूही नका, अक्षरं जातात. जागेवरच फोटो काढा, किती खोल होतं ते लिहून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं घबाड कळवणं बंधनकारकच आहे. गाडग्यात असेल तर गाडगंही ठेवा. नाणी कधी पुरली, हे कधीकधी खापरावरूनच कळतं.