सिलिंडरवरची तारीख

डायॉप्टरवर, म्हणजे रायफलच्या मागच्या साइटवर, या आठवड्यात लिहिणार नाही. पुण्याच्या मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून एक पत्र आलं आहे आणि त्याला वेळेत उत्तर गेलं नाही, तर एका घरातले कष्टाचे पैसे चुकीच्या जागी जातील. डायॉप्टर पुढच्या आठवड्यात.

पत्र लिहिणारे आडते आहेत. मुलगी नववीत. सुटीतल्या शिबिरात तिने दहा मीटरवर एअर रायफल धरली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या भावाने व्हिडिओ पाहून सल्ला दिला, की घ्यायचीच तर सेमी-ऑटोमॅटिक घेऊ, एकदाच काय तो खर्च. घरात दीड लाखाची तयारी आहे. तीन प्रश्न विचारलेत: पहिली रायफल म्हणून सेमी-ऑटोमॅटिक कशी, दीड लाखात नेमकी कोणती घ्यावी, आणि हवेवर चालणारी घेतली तर यार्डाच्या गेटाबाहेरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरून मिळेल का.

पहिल्या प्रश्नाला फार वेळ लागणार नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल, .२२ रिमफायरचा अपवाद सोडला तर, पोलीस आयुक्तालयाच्या नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही. .२२ ला परवाना लागतोच, आणि तो स्वतःच्या नावावर हवा तर वयाची २१ वर्षं पूर्ण पाहिजेत. एअर रायफलचं तसं नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, ओळखपत्र मात्र दुकानात द्यावं लागतं. स्पर्धेच्या एअर रायफलची शक्ती साडेसात ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर बदलणार नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, मध्य रेल्वेचा कर्मचारी. पात्रता फेरीत गुडघ्यावर २०, झोपून २० आणि उभ्याने २० अशा साठ गोळ्यांत ५९० गुण करून तो सातवा आला आणि अंतिम फेरीत ४५१.४ वर तिसरा. यातली एकही गोळी आपोआप वर आलेली नव्हती. प्रत्येक वेळी बोल्ट मागे, हाताने एक गोळी आत, बोल्ट पुढे. ऑलिंपिकमधल्या रायफलच्या दोन्ही प्रकारांत, १० मीटरला आणि ५० मीटरलाही, एका वेळी एकच गोळी भरायची असा नियमच आहे. एनसीसीच्या मुलांच्या हातात पहिल्यांदा येते ती .२२ डीलक्ससुद्धा बोल्टचीच.

वेळेचा हिशेब मांडून पाहा. १० मीटरला साठ नेमांसाठी ७५ मिनिटं मिळतात. एका नेमाला सव्वा मिनिट. त्या सव्वा मिनिटात रायफल खांद्यावरून उतरवायची, श्वास सावरायचा, पेलेट ठेवायचं, पुन्हा उभं राहणं जुळवायचं आणि समोरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याकडे जायचं. हो, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. हाताने पेलेट भरण्याचा तो अवकाश नेमबाजाचा विसावा आहे. नवशिक्याच्या हातून तो काढून घेतला तर तो आधीची चूक दुरुस्त न करताच पुढचा नेम मारतो, आणि चूक पक्की होते. भावाला ऑलिंपिकमधलं सेमी-ऑटोमॅटिक पाहायचंच असेल तर त्याने २५ मीटर पिस्तूल पाहावं. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्या आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण जिंकलं तेही २५ मीटर पिस्तुलातच. तो वेगळा खेळ आहे आणि सुंदर आहे, पण रायफलचा नाही.

तेव्हा मुलीसाठी १० मीटरची, एका वेळी एक पेलेट घेणारी एअर रायफल. इथपर्यंत दुमत होण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न दुसरा, कारण दीड लाखात नवी जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच रायफल, वर जॅकेट आणि वर्षभराची पेलेट्स हे गणित बसत नाही. परदेशी रायफलच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून परस्पर मागवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. देशी बनावटीच्या रायफली आता पुष्कळ सुधारल्या आहेत आणि नुसती आवड तपासायची असेल तर त्यांतली एखादी जरूर घ्यावी. पण ज्या मुलीला राज्य स्पर्धेपर्यंत जायचं आहे तिच्यासाठी मी अनेक वर्षं एकच सांगत आलो आहे: चांगल्या कंपनीची जुनी मॅच रायफल घ्या. वाल्थर, फाइनवर्कबाउ, आन्शुट्झ, श्टायर यांतली कुठलीही. यांच्या नळ्या माणसाच्या हयातीत झिजत नाहीत. पेलेट शिशाचं, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. पोलादी नळीचं त्यात काय बिघडणार? बालेवाडीच्या रेंजवर वरच्या पातळीवर गेलेली मुलं रायफल बदलतात, आणि त्यांच्या जुन्या रायफली तिथेच हातोहात जातात.

फक्त एक गोष्ट झिजते, आणि तिच्याकडे घेणारे बघत नाहीत. सिलिंडर.

आजच्या मॅच रायफलच्या नळीखाली दाबलेल्या हवेचा एक सिलिंडर असतो. त्यात २०० बार दाबाने हवा भरतात. एक रेग्युलेटर हा दाब उतरवून कायम एकाच पातळीवर आणतो, ट्रिगर सुटला की हातोडी झडपेवर आदळते आणि दर नेमाला तेवढीच मोजकी हवा पेलेटच्या मागे जाते. म्हणून पहिलं पेलेट आणि साठावं पेलेट एकाच वेगाने निघतं. जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे धावायचा आणि पेलेट नळीत असतानाच रायफल हलायची. फाइनवर्कबाउच्या ३०० ने अख्खी यंत्रणा दस्त्यावर मागे सरकू देऊन तो धक्का गिळला, आणि ते कामही डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे, पण दर नेमाला बाजूची लांब दांडी ओढावी लागते. सिलिंडरने ती मेहनतही संपवली.

आता २०० बार म्हणजे किती ते पंक्चरवाल्याच्या प्रश्नापाशी येऊन सांगतो. यार्डात येणाऱ्या ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते. रायफलच्या सिलिंडरला त्याच्या पंचवीसपट लागते. टायरचा कॉम्प्रेसर तिथवर पोहोचत नाही. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलोचा भार: नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल, आणि आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर तेवढाच. ही हवा रेंजवरच्या उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरवरून, पाणबुडे वापरतात तसल्या मोठ्या टाकीतून किंवा खास हातपंपाने भरायची. कोरडी, स्वच्छ हवा, दुसरं काही नाही. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कोणी सुचवला तर तिथून उठून या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो.

सिलिंडर भरला की किंचित ताणला जातो, रिकामा होताना आकसतो. हे वर्षानुवर्षं, शेकडो वेळा. धातू थकतो आणि वरून काहीच दिसत नाही. आत ओल गेली असेल तर गंजाची भर. म्हणून या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात, आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमातही तीच कमाल मर्यादा आहे. सिलिंडर मुदतीत आहे की नाही ही जबाबदारी नियमाने खेळाडूवरच टाकली आहे, विकणाऱ्यावर नाही. सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. रायफल हातात घेतली की आधी ते वाचायचं, मग बाकीचं.

परवा मी यार्डात जाऊन आलो. पत्र आल्यावर फोनवर बोलणं झालं तेव्हा शेठ म्हणाले होते की एक जुनी रायफल बघायला घरी आणली आहे, दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं आहे. दुपारी बाजार ओसरल्यावर गाळ्यात पोत्यांच्या थप्पीशेजारी तिची पेटी उघडली. जर्मन, सुबक, दस्त्याचे सगळे स्क्रू शाबूत. मुलगी म्हणाली, "काका, वजन जास्त वाटतं." काटा समोरच होता, ठेवली त्यावर. ४.८ किलो. नियमाची मर्यादा साडेपाच, म्हणजे चालेल. पण तिच्या खांद्यांना वर्षभर तरी ही जड जाणार. पुढे लावलेली वजनं काढून घेतल्यावर ती खुलली. मग सिलिंडर फिरवला. मार्च २०१५.

शेठ क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला: "पट्टीतून किती कापायचे?" माझं उत्तर: नव्या सिलिंडरची पूर्ण किंमत, आणि तो बाहेरून यायला जे महिने जातील त्यांचा मोबदला वेगळा. कंपन्यांचे आटे वेगवेगळे असतात, दुसऱ्याचा सिलिंडर बसेलच असं नाही. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, की सरावाला काय हरकत आहे, स्पर्धेपुरता नवा घ्या. हे मी अनेकांकडून ऐकतो आणि दर वेळी मला संताप येतो. सरावातच तर तो पुन्हा पुन्हा भरला जातो, आणि सरावातच तो मुलीच्या हनुवटीखाली हातभर अंतरावर असतो. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही, घरी नाही आणि रेंजवरही नाही. सौदा त्यांनी अजून सोडलेला नाही, पण आता भाव वेगळा बोलला जातो आहे.

तारीख ठीक निघाली तरी आणखी थोडं बघावं. सिलिंडर पूर्ण भरून मापकावरचा आकडा लिहून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठलं तरी सील गेलं आहे. डायॉप्टर रायफलीबरोबर आहे का ते विचारा, कारण विकणारे बरेचदा तो काढून ठेवतात आणि नवा घेताना डोळे पांढरे होतात. मूळ बिल आणि त्यावरचा क्रमांक रायफलीशी ताडून बघा. डाव्या डोळ्याचा जोर असणाऱ्या मुलीला उजव्या दस्त्याची रायफल घेऊन देऊ नका. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवायची, दूरची एखादी वस्तू त्यातून बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. जो डोळा मिटल्यावर वस्तू खिडकीतून नाहीशी होते तो जोराचा. शेठच्या मुलीचा उजवा निघाला.

तिने निघताना विचारलं, "मावळणकरला कधी जाता येईल?" रेंजवरची सगळी मुलं असंच बोलतात: मावळणकर खेळलो, मावळणकरला गुण कमी पडले. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची ही अखिल भारतीय स्पर्धा ज्यांच्या नावाने आहे ते दादासाहेब, गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, कर्मभूमी अहमदाबाद. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं, आणि तिच्या प्रशिक्षकांनी ते मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं. दादासाहेबांवर एक पूर्ण लेख लिहायचा आहे. लिहीनच.

मार्केट यार्डातून बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. शाळा सांभाळून रोज जाणं होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. मॅच रायफलला पेलेट न भरता, हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याची सोय असते. भिंतीवर ठिपका लावून घरात अर्धा तास असा सराव केला तर एक पैसा खर्च होत नाही, आणि उभं राहणं, श्वास, ट्रिगरचं बोट सगळं त्यातच घडतं. गाळ्यात किंवा गोदामात पेलेट मात्र मारायचं नाही, माणसांची ये-जा असते. वाढत्या वयाच्या मुलीला मापाचं महागडं जॅकेट शिवू नका, दोन वर्षांत ते आखूड होईल. रेंजवर जुनी चांगली जॅकेट्स मिळतात.

दीड लाखातले दोन तृतीयांशाहून जास्त रायफलीवर घालवू नयेत असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण पेलेट्स. दिवसाला ८० आणि आठवड्याला पाच दिवस असा सराव पुढे रेंजवर सुरू झाला, की आठवड्याला ४०० पेलेट्स लागतात. वर्षातले ४८ आठवडे धरले तर १९,२००. मॅच पेलेट्सचा डबा ५०० चा येतो, म्हणजे वर्षाला ३९ डबे. हा खर्च दर वर्षी आहे, रायफलीचा एकदाच. पेलेटच्या डोक्याचा व्यास डब्यावर छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. रायफल ठरली की आधी तिन्हींचा एकेक डबाच घ्या. रायफल टेकूवर पक्की बसवून दहा मीटरवरून प्रत्येकाची दहा-दहा पेलेट्स वेगवेगळ्या कागदांवर, दर कागदावर एकाच जागी मारा आणि कोणती भोकं सगळ्यांत दाट पडतात ते पाहा. मग त्या डब्यावरचा लॉट क्रमांक टिपून घ्या आणि त्याच लॉटचे परवडतील तेवढे डबे त्याच दिवशी उचला. पुढचा लॉट त्या नळीला तसाच जमेल याची खात्री नसते.