गिरणगावातून आधी भाड्याची खोली गेली

लालबाग-परळचा विषय निघाला की बोलणं हमखास ‘मराठी माणूस हद्दपार झाला’ इथे येऊन थांबतं. आकडेही तेच सुचवतात: २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली आणि उपनगर जिल्ह्यात सात लाखांची भर पडली. पण या हद्दपारीचं सगळं खापर जागांच्या भावांवर, नाहीतर परप्रांतीयांवर फोडलं की मूळ दुखणं झाकलं जातं. गिरणगावातून माणसांच्या आधी भाड्याची खोली गेली. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा पूर्वी थेट गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचा. भिंतीला ओळीने ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठून गिरणीत गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत, हिशेब पगाराला. या दाटीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणाला विचारा. पण या वस्तीत शिरायला भांडवल लागत नव्हतं.

आणि ही सोय निव्वळ खासगी चाळमालकांची नव्हती. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या. १९२०च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, भाड्याची. परक्या सरकारला जे जमलं ते आपण मोडीत काढलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांना मिळायचा. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. हिस्सा आटला याची चर्चा पुष्कळ झाली. उरलेल्या हिश्शात काय बांधलं, याची फारशी नाही. गिरणी कामगारांसाठीची घरं सोडतीची, मालकीची. २०१२च्या सोडतीत घरं होती ६,९२५ आणि अर्जदार दीड लाखाच्या घरात. एमएमआरडीएने २००८ साली १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली, तर पनवेलजवळ कोन इथे दोन-दोन घरं जोडून २०१६ साली तीही सहा लाखांना गिरणी कामगारांना विकायला काढली. बीडीडीच्या पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतं. तो त्याचा हक्कच आहे. मात्र आज यादीत नाव आहे त्याच्यापाशी दार बंद होतं. उद्या नोकरीला येणाऱ्या नर्सला, किंवा याच घरातल्या लग्न झालेल्या धाकट्या मुलाला, तिथे जागा नाही.

भाड्याची घरं पुन्हा बांधावीत म्हटलं, तर पहिला आक्षेप असा, की भाड्यानेच तर चाळींची वाट लावली. खरं आहे. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, डागडुजी परवडेना, मग पागडी सुरू झाली. पण तो गोठवलेल्या भाड्याचा दोष. दर काही वर्षांनी उत्पन्नाप्रमाणे बदलणाऱ्या भाड्याला तो चिकटवता येत नाही. दुसरा आक्षेप, लोकांनी राजीखुशीने खोल्या विकल्या आणि डोंबिवली-विरारला ऐसपैस संसार थाटला. थाटला, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. फक्त विकलेली खोली परत भाड्याला लागली नाही. वस्त्या बदलतातच, हेही म्हटलं जातं. गिरणगाव तर बाहेरून आलेल्यांचंच. पण तेव्हा येणारा हात घेऊन यायचा, आता कर्जमंजुरी लागते. आणि ज्या दाराशी कोकणातला पोरगा अडतो, त्याच दाराशी आझमगडचा टॅक्सीवालाही अडतो.

उरते ती वसुलीची भीती. सरकारी घराचं भाडं कोण भरणार, निवडणूक आली की थकबाकी माफ होणार. ही भीती अनुभवातून आलेली आहे, त्यामुळे भाड्याची घरं थेट सरकारी खात्याकडे देऊ नयेत. पुनर्विकासात म्हाडाच्या वाट्याला येणाऱ्या घरांपैकी काही न विकता राखून, आसपासची रुग्णालयं, बेस्ट, महापालिका यांच्या कर्मचाऱ्यांना पगारातून भाडं कापून देता येतील. सुरुवात तेवढ्यापासून करायला नवा कायदाही लागू नये.