हिमरू वस्त्र आणि त्याच्या नमुन्यांचे जतन

हिमरू हे सुती ताण्यावर सुती व रेशमी बाणा घालून विणले जाणारे नक्षीदार वस्त्र आहे. महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे त्याचे प्रसिद्ध केंद्र असून हैदराबादेतही ते विणले जात असे. शहराच्या जुन्या भागात जाफर गेट परिसरात हिमरूचा व्यवसाय चालत आला आहे; गुलमंडी ही त्याच भागातील जुनी कापडपेठ आहे. हातमागावर हिमरू विणणारे आता थोडेच उरले असल्यामुळे जुन्या वस्त्रांचे संग्रह आणि त्यांच्या ऑनलाइन नोंदी हा या कलेच्या अभ्यासाचा महत्त्वाचा आधार झाला आहे.

नाव

'हिमरू' या शब्दाचा संबंध 'सारखा' किंवा 'त्याच्याजोगा' या अर्थाच्या फारसी शब्दाशी जोडला जातो. सोन्याचांदीची जर आणि रेशीम यांनी विणलेल्या किनखाबाचे रूप कमी खर्चात साधणारे वस्त्र, असा त्याचा आशय मानला जातो. हिमरूत जरीऐवजी रेशमावर आणि पायाला सुतावर भर असल्याने ते किनखाबापेक्षा हलके, मऊ आणि स्वस्त पडे.

इतिहास

मुहंमद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला (दौलताबाद) हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर ही कला दख्खनेत आली, अशी परंपरा सांगितली जाते. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे वसवलेल्या शहराला पुढे फतेहनगर आणि औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल सरदार आणि लष्कर यांच्या वास्तव्यामुळे तेथे उंची कापडाला मोठी मागणी होती.

निजामाची राजधानी 1763 मध्ये हैदराबादला गेली, तरी औरंगाबादच्या मागांना हैदराबादच्या अमीर-उमरावांचे गिऱ्हाईक राहिले. हिमरूच्या शेरवानीला तेथे प्रतिष्ठा होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि दरबारी पोशाखाची ही मागणी आटली. त्यानंतर शाली, चादरी, पडदे आणि पर्यटकांना विकण्याजोग्या लहान वस्तू यांकडे हा व्यवसाय वळला.

रचना आणि विणकाम

वस्त्रात लांबीच्या दिशेने ताणलेल्या उभ्या धाग्यांना ताणा आणि त्यांतून धोट्याने नेलेल्या आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. हिमरूत सुती ताणा व सुती बाणा मिळून पायाचे कापड तयार होते. नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा घातला जातो. नक्षीच्या जागी हे रेशीम सुलट बाजूवर दिसते. उरलेल्या जागी ते कापडाच्या मागून मोकळे जाते. त्यामुळे उलट बाजूवर सुट्या धाग्यांचा एक थर तयार होतो. हिमरूला मऊपणा आणि ऊब येते ती या थरामुळे.

हिमरूबरोबर नाव घेतले जाणारे मश्रू हे वस्त्र वेगळे आहे. मश्रूत ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. रेशीम बाहेरच्या बाजूला आणि सूत अंगाकडे राहते. शुद्ध रेशीम अंगाला लावू नये हा पुरुषांसाठीचा धार्मिक दंडक त्यामुळे पाळला जाई; 'मश्रू' या अरबी शब्दाचा अर्थही 'धर्मसंमत' असाच आहे. समोरून घेतलेल्या छायाचित्रात ही दोन वस्त्रे सारखी वाटू शकतात. उलट बाजू पाहिली की फरक स्पष्ट होतो.

जुन्या मागावर नक्षी 'जाल्या'त बांधलेली असे. कोणत्या ओळीत कोणते ताण्याचे धागे उचलायचे, हे दोऱ्यांच्या गाठींनी ठरवलेले असे. एक साहाय्यक त्या दोऱ्या क्रमाने ओढी आणि विणकर धोटा टाकी. नक्षीचे ज्ञान कागदावर कमी आणि जाल्यात व कारागिराच्या हातात अधिक होते. फ्रान्समधील ल्यों येथे जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास तयार केलेल्या यंत्राने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. जपानमध्ये क्योटोतील निशिजिन या विणकर वस्तीतून 1872 मध्ये तीन जणांना ल्योंला पाठवण्यात आले आणि त्यांच्यामार्फत हे यंत्र तेथे पोहोचले. हिमरूच्या मागांवरही पुढे जॅकार्ड आला. जाला मोडला आणि तो बांधणारा राहिला नाही, तर ती नक्षी केवळ विणलेल्या कापडातच शिल्लक उरते.

नक्षी

फुले, वेली, बुट्टे, कोयऱ्या, फळे, पक्षी आणि भौमितिक आकृत्या हे हिमरूवरील नेहमीचे विषय आहेत. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृत्याही शालींवर आढळतात.

संग्रह

जुने वस्त्र वापरात झिजते, पेटीत कसरीला बळी पडते आणि घडीवर फाटते. म्हणून संग्रहातील तुकड्यांना महत्त्व असते. मात्र संग्रह कशासाठी केला, यावर त्यात काय टिकते हे अवलंबून असते. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 मध्ये भारतीय कापडांच्या 700 नमुन्यांचा 18 खंडांचा संग्रह तयार केला. त्याचे 20 संच काढण्यात आले. 13 ब्रिटनमध्ये राहिले आणि 7 भारतात पाठवले गेले. भारतीय गिऱ्हाइकाला कोणते कापड आवडते हे ब्रिटिश कारखानदारांना कळावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. तेच खंड आज भारतीय हातमागाच्या अभ्यासाचे मोलाचे साधन आहेत.

जपानी संग्राहक नोमुरा शोजिरो (1879–1943) यांनी 'कोसोदे' या जुन्या जपानी वस्त्रांचे तुकडे घडीच्या पडद्यांवर अशा रीतीने चिकटवले की ते दांडीवर टाकलेल्या पोशाखासारखे दिसावेत. हा संग्रह आता जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. या मांडणीमुळे तुकडे वाचले आणि मूळ पोशाखाचा घाटही कळला. परंतु चिकटवलेल्या कापडाची मागची बाजू दिसेनाशी झाली.

ऑनलाइन नोंद

रंगवलेल्या रेशमाचे प्रकाशामुळे होणारे नुकसान भरून येत नाही. त्यामुळे संग्रहालये अशी वस्त्रे साधारण 50 लक्स इतक्या मंद प्रकाशात आणि मर्यादित काळ मांडतात. उरलेला काळ ती अंधारात, सपाट किंवा गुंडाळून ठेवली जातात. ऑनलाइन छायाचित्रांमुळे मूळ कापडाला हात न लावता ते कोणालाही, केव्हाही पाहता येते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भारतीय वस्त्रांच्या नोंदी खुल्या केल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून कॉपीराइटमुक्त वस्तूंची छायाचित्रे मुक्त वापरासाठी दिली आहेत. भारतात पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या 'जतन' या प्रणालीवर राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांच्या नोंदी ठेवल्या जातात.

हिमरूच्या बाबतीत अशा नोंदीला एक मर्यादा पडते. सुलट बाजूच्या एका स्पष्ट छायाचित्रावरून नक्षीची नक्कल यंत्रमागावर किंवा छपाईने करता येते. हातमागावर तेच वस्त्र पुन्हा विणायला मात्र ते छायाचित्र पुरत नाही. त्यासाठी जादा बाणा कोठे वर आला आणि कोठे मागून गेला हे कळावे लागते. म्हणजे अपुऱ्या नोंदीचा लाभ नकलेला होतो, विणकराला नाही. म्हणून उपयुक्त नोंदीत पुढील बाबी असणे आवश्यक ठरते:

• सुलट व उलट अशा दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे, मोजपट्टी व रंगपट्टीसह;
• दर सेंटिमीटरला ताण्याचे व बाण्याचे किती धागे आहेत, ही मोजणी;
• धागा सुती, रेशमी की कृत्रिम, याचा उल्लेख;
• नक्षीची पुनरावृत्ती किती रुंदी-लांबीनंतर होते, ते माप;
• वस्त्र कोठून मिळाले, कोणी विणले आणि कशासाठी वापरले, याची उपलब्ध माहिती.

शोध घेताना नावांचीही अडचण येते. हिमरूचे स्पेलिंग रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे केले जाते. तसेच औरंगाबाद 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेथील कापड 'हैदराबाद' किंवा 'दख्खन' या नावाखालीही नोंदलेले असू शकते. विद्यार्थ्यांनी ही सर्व नावे, तसेच 'किनखाब' व 'मश्रू' हे शब्दही वापरून शोध घेणे हिताचे असते.

सद्यःस्थिती

हातमागावरील हिमरूला वेळ अधिक लागतो आणि त्याची किंमत यंत्रमागावरील सारख्या दिसणाऱ्या कापडाशी स्पर्धा करू शकत नाही. रेशमाऐवजी कृत्रिम धागाही सर्रास वापरला जातो. हैदराबादेत सुरैया हसन बोस (मृत्यू 2021) यांनी हिमरू, मश्रू व पैठणी यांचे विणकाम पुन्हा उभे केले. त्यांच्या विणकामशाळेत विधवा स्त्रियांना माग शिकवण्यात आला आणि जुन्या नक्ष्या पुन्हा विणल्या गेल्या. संग्रहातील नमुना आणि चालता माग यांची गाठ पडली तर थांबलेली नक्षी पुन्हा विणता येते, हे या कामातून दिसून आले.