तळ्यातील कोळंबी कात का व कशी टाकते?

गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजेच झिंगा, पाळणाऱ्या शेतकऱ्यास सकाळी तळ्याच्या काठाशी कोळंबीच्या आकाराची पारदर्शक टरफले आढळतात. कोळंबी मरू लागली अशा समजुतीने तो घाबरतो व मिळेल ते औषध पाण्यात टाकतो. वास्तविक ही बहुधा कोळंबीने टाकलेली कात असते. कात पोकळ व हलकी असून तिच्या पाठीवर, डोक्याचे कवच व शेपटीचा भाग यांच्या सांध्याशी, चीर दिसते. मेलेली कोळंबी जड लागते व आतील मांस पांढुरके अथवा तांबूस पडलेले असते. हा फरक प्रथम पाहावा.

कात टाकण्याचे कारण

कोळंबीच्या शरीरात हाडे नसतात. बाहेरील कवच हाच तिचा सांगाडा होय. कायटिन, प्रथिने व चुनखडी यांचे बनलेले हे कवच ताणले जात नाही. म्हणून वाढण्यासाठी जुने कवच टाकून नवे, मोठे कवच धारण करणे तिला भाग पडते. लहान कोळंबी काही दिवसांच्या अंतराने कात टाकते; वय वाढते तसे हे अंतर काही आठवड्यांपर्यंत जाते. तुटलेला पाय किंवा नांगीही याच क्रियेने पुन्हा उगवते. मादी नराशी संग करते तोही कात टाकल्यानंतर लगेच, अंग मऊ असतानाच.

कात टाकण्याची क्रिया

डोळ्यांच्या देठात तयार होणारा एक स्राव कात टाकण्याची क्रिया रोखून धरतो. तो कमी झाला म्हणजे दुसऱ्या ग्रंथीचा स्राव वाढतो व तयारी सुरू होते. जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होते आणि जुन्यातील काही चुना शरीरात शोषला जातो. या काळात कोळंबी खाणे सोडते व आडोसा शोधते. पुढे, बहुधा रात्री, पाठीवरील सांधा उकलतो आणि कोळंबी काही मिनिटांत बाहेर पडते. मिशा, पाय, कल्ले, इतकेच नव्हे तर जठराचे अस्तरही कातीबरोबर निघते. लगेच ती पाणी शोषून फुगते व नव्या कवचास मोठा आकार देते. त्यानंतर कवच हळूहळू कठीण होते.

धोक्याचा काळ

कवच मऊ असेपर्यंत कोळंबीस पळता येत नाही व स्वतःचे रक्षणही करता येत नाही. अशा वेळी तळ्यातील इतर कोळंबीच तिला खाते. मेलेली कोळंबी पाण्यावर दिसत नाही, परंतु सोडलेले बीज व काढणीचा माल यांचा हिशेब जुळत नाही. हे नुकसान टाळण्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. तळ्यात फुटकी कौले, नळांचे तुकडे, बांबूच्या फांद्या किंवा वाळलेल्या झावळ्या ठेवून आडोसे करावेत. कुजलेल्या झावळ्या काढून टाकाव्यात.

२. बीज दाट सोडू नये. भुकेली कोळंबी मऊ कोळंबीवर तुटून पडते, म्हणून खाद्य वेळेवर द्यावे व त्याचा मोठा हिस्सा सायंकाळी घालावा.

३. कात टाकताना प्राणवायूची गरज वाढते आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. पहाटे कोळंबी काठाशी गोळा झालेली दिसल्यास ताजे पाणी सोडावे किंवा हवा देण्याचे यंत्र चालवावे.

४. पाण्याचा सामू ७ ते ८.५ यांच्या दरम्यान राखावा. चुना बीज सोडण्यापूर्वी माती व पाणी तपासून घालावा. अंदाजाने अधिक चुना घातल्यास अपाय होतो.

५. टाकलेली कात वेचून काढण्याची घाई करू नये. कोळंबी ती खाते व त्यातील चुना तिला पुन्हा उपयोगी पडतो.

६. बऱ्याच काती एकाच वेळी दिसल्यास त्या दिवशी नमुन्यासाठी जाळे ओढू नये. मऊ कोळंबी चेंगरून मरते.

काती न दिसता कोळंबी अर्धवट कवचात अडकून मरत असल्यास खाद्य अथवा पाणी यांत दोष असण्याचा संभव असतो. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाण्याचा नमुना तपासून घ्यावा व मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांचा सल्ला मिळेपर्यंत शेतकऱ्यास कोणतेही औषध टाकू देऊ नये.