मेलचा पासवर्ड कर्मचाऱ्याला बदलता येत नाही? आधी परवानगी तपासा



समजा, भाईंदर पूर्वेला तुमचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. सहा जणांचे मेल स्वतःच्या सर्व्हरवर, सगळ्यांचे पासवर्ड ओपनएलडॅप या डिरेक्टरीत. अकाउंट बघणाऱ्याचा पासवर्ड बाहेर फुटल्याचा संशय येतो. तो वेबमेलमध्ये बदलायला जातो, तर एरर 50, 'इनसफिशियंट ॲक्सेस'. सर्व्हर बघणारा म्हणतो, "साहेब, माझ्याकडून तर बदलतोय!" तिकडे त्याच मेलवरून तुमच्या गिऱ्हाइकाला "आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथे टाका" असं पत्र जाऊ शकतं.

"माझ्याकडून बदलतोय" यावर विसंबू नका. मुख्य ॲडमिनला, म्हणजे 'रूट डीएन'ला, परवानगीचे नियम लागूच होत नाहीत. चाचणी त्या कर्मचाऱ्याच्याच नावाने लॉगिन करून घ्यायची.

एरर 49 आला तर बहुतेक वेळा नाव किंवा पासवर्ड चुकलेला असतो. 50 म्हणजे ओळख पटली, पण लिहायची परवानगी नाही. मग 'युजरपासवर्ड' या रकान्याचा नियम उघडा. 'सेल्फ'ला 'राइट', 'ॲनोनिमस'ला 'ऑथ', बाकी सगळ्यांना 'नन', असा तो हवा. 'ॲनोनिमस' नाव बघून घाबरून ती ओळ काढू नका हं! लॉगिन होईपर्यंत प्रत्येक जण अनोळखीच असतो. ती काढली तर कुणालाच आत येता येणार नाही.

नियम बरोबर असूनही अडतंय? क्रम बघा. ओपनएलडॅप वरून खाली वाचतं आणि जो नियम आधी जुळतो तिथेच थांबतं. 'सगळ्यांना सगळं वाचता येईल' हा नियम वर असेल तर पासवर्डचा नियम वाचलाच जात नाही. शिवाय पासवर्डचे हॅश कुणालाही दिसतात, ते वेगळंच. सर्व्हरवर 'स्लॅपएसीएल' ही कमांड चालवली की कुणाला परवानगी आहे, कुणाला नाही, ते लगेच कळतं.

आता वेबमेल. राउंडक्यूबच्या पासवर्ड प्लगइनमध्ये एलडॅपसाठी दोन पद्धती आहेत, 'युजर' आणि 'ॲडमिन'. 'ॲडमिन' असेल तर बदल वेगळ्या खात्यातून होतो, तिथे 'सेल्फ'चा नियम कामाचा नाही. त्या खात्याला फक्त पासवर्डपुरतं 'राइट' द्या. आळस करून रूटचा पासवर्ड वेबमेलमध्ये टाकून ठेवणारे असतात, त्यांना सरळ नाही म्हणा. माझ्या मते छोट्या धंद्याला 'युजर' पद्धतच बरी.

आणखी एक बारीक गोष्ट. काही सेटिंगमध्ये पासवर्डसोबत 'शॅडोलास्टचेंज', म्हणजे बदलाची तारीखही लिहिली जाते. दोन्ही एकाच विनंतीत जात असतील आणि तारखेला परवानगी नसेल, तर अख्खी विनंती नाकारली जाते.

दरम्यान पैसे चुकीच्या खात्यात गेलेच असतील, तर सर्व्हर नंतर बघा. आधी 1930 ला फोन आणि बँकेला कळवा.