पराभवाची कारणे शोधणारा इतिहासकार

जेरार्ड अँथनी हेज-मॅकॉय (1911–1975) यांनी आयर्लंडच्या लष्करी इतिहासाला विद्यापीठीय अभ्यासाची शिस्त लावली. सोळाव्या शतकात इंग्लंडने आयर्लंड कसे जिंकले, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. ट्यूडर घराण्याच्या राजवटीत आरंभी डब्लिनभोवतीचा पट्टा आणि काही बंदरे सोडली, तर बेटाचा बराचसा भाग गेलिक आणि जुन्या अँग्लो-नॉर्मन सरदारांच्या हाती होता. 1603 मध्ये एलिझाबेथ राणीचे निधन झाले तेव्हा सारे बेट इंग्रजी सत्तेखाली आले होते. या स्थित्यंतराच्या कथा आयर्लंडमध्ये घरोघर सांगितल्या जात. त्यांत शौर्य होते, फितुरी होती, दैवाला दिलेला दोष होता. सैन्ये कशी उभी राहिली, त्यांच्या हाती कोणती शस्त्रे होती, ती कोणत्या जमिनीवर लढली आणि त्यांची रसद कोठून येत होती, हे मात्र क्वचितच कोणी तपासले होते. हेज-मॅकॉय यांनी ते काम हाती घेतले.

त्यांचा जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरात झाला. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात पदवी घेतल्यावर ते एडिंबरा विद्यापीठात गेले आणि 1934 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्येही त्यांनी काही काळ काम केले. लंडनला जाण्याला एक व्यावहारिक कारणही होते. 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी अभिलेखागार जळाले आणि शतकानुशतकांची कागदपत्रे नष्ट झाली. ट्यूडर काळातील अधिकाऱ्यांनी डब्लिनहून लंडनला धाडलेली पत्रे, जमाखर्च आणि अहवाल मात्र इंग्लंडमध्ये शाबूत होते. आयर्लंडच्या पाडावाचा तपशील जिंकणाऱ्यांच्याच दप्तरात शोधावा लागणार होता.

एडिंबराची निवड विषयाला साजेशी होती. 1937 मध्ये त्यांचा ‘स्कॉट्स मर्सिनरी फोर्सेस इन आयर्लंड’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1565 ते 1603 या काळात स्कॉटलंडमधून आयर्लंडमध्ये येणाऱ्या भाडोत्री सैनिकांचा हा अभ्यास होता. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचा ईशान्य किनारा आणि स्कॉटलंड यांच्यामधली खाडी इतकी अरुंद आहे की हवा स्वच्छ असली तर पलीकडचा किनारा दिसतो. दोन्ही तीरांवर गेलिक बोलणारी घराणी होती आणि त्यांच्यात सोयरिकी होत. तेराव्या शतकापासून स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरचे योद्धे आयरिश सरदारांच्या चाकरीत येऊ लागले. त्यांना गॅलोग्लास म्हणत. अंगात साखळ्यांचे चिलखत आणि हातात लांब दांड्याची कुऱ्हाड घेतलेले हे पायदळ सरदारांच्या फौजेचा कणा ठरले. जमिनी मिळाल्यावर त्यांची घराणी आयर्लंडमध्येच स्थायिक झाली.

सोळाव्या शतकात त्यांच्या जोडीला हंगामी सैनिक येऊ लागले. त्यांना रेडशँक्स असे नाव पडले. ते उन्हाळ्यात होड्यांतून येत, ठरलेल्या मुदतीपुरते लढत आणि परत जात. 1569 मध्ये अल्स्टरचा सरदार टर्लो लुनाक ओ’नील याने स्कॉटलंडच्या कॅम्पबेल घराण्यातील अ‍ॅग्नेसशी लग्न केले. तिच्याबरोबर हुंडा म्हणून हजाराच्या वर सैनिक आले. लग्नाचा करार हाच सैन्यभरतीचा करार होता. अशा सोयरिकींतून अल्स्टरला मिळणारे बळ मोजल्यावर हेज-मॅकॉय यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. इंग्रजांना आयर्लंड जिंकायचे तर ही खाडी बंद करणे भाग होते. ट्यूडर सरकारच्या अल्स्टर धोरणातले बरेच निर्णय त्यामुळे समजण्याजोगे झाले.

1939 मध्ये ते डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात रुजू झाले आणि जवळपास दोन दशके तेथे होते. लष्करी वस्तूंचा आणि स्वातंत्र्यलढ्याशी निगडित वस्तूंचा संग्रह त्यांच्याकडे सोपवलेला होता. इतिहासाच्या प्राध्यापकाला सहसा न मिळणारे शिक्षण त्यांना या नोकरीत मिळाले. कुऱ्हाडीचे पाते किती जड आहे, तोड्याच्या बंदुकीचा पल्ला किती, ती भरायला किती वेळ लागतो, ध्वजाचे कापड कोणते, या गोष्टी हाताळून कळतात. संग्रहालयात येण्यापूर्वीच त्यांनी गॅलोग्लासांच्या कुऱ्हाडीवर आणि आयर्लंडमधील बंदुकांच्या आरंभीच्या इतिहासावर लेख लिहिले होते. आता शस्त्र, ते वापरणारा माणूस आणि लढाईची जागा यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची पद्धत पक्की झाली.

या पद्धतीची खरी कसोटी नऊ वर्षांच्या युद्धाच्या अभ्यासात लागली. टिरोनचा अर्ल ह्यू ओ’नील याने 1590 च्या दशकात इंग्रज सत्तेला दिलेले हे आव्हान ट्यूडर काळातले सर्वांत मोठे होते. 1941 मध्ये ‘आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज’ या नियतकालिकात हेज-मॅकॉय यांनी 1593 ते 1601 मधील आयरिश युद्धनीती आणि डावपेचांवर निबंध लिहिला. पुढे अल्स्टरच्या सैन्याची रचना, क्लॉन्टिब्रेटची लढाई आणि किन्सेलची लढाई यांवर स्वतंत्र लेखन केले. ओ’नीलची फौज म्हणजे रानटी टोळ्यांचा जमाव, ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांतली प्रतिमा त्यांनी मोडीत काढली. ओ’नीलने आपल्या माणसांना कवायत शिकवली होती. बंदूकधाऱ्यांचे प्रमाण वाढवले होते. स्कॉटलंडमधून आणि खुद्द इंग्रजांच्या ताब्यातील शहरांतून दारूगोळा आणवला होता. कुऱ्हाडीवर विसंबलेली जुनी सरदारी फौज एका पिढीत बंदुकीच्या फौजेत बदलली होती.

14 ऑगस्ट 1598 रोजी झालेली यलो फोर्डची लढाई हे या फौजेचे सर्वांत मोठे यश. ब्लॅकवॉटर नदीवरील किल्ल्यातल्या इंग्रज शिबंदीची उपासमार चालली होती. तिला रसद पोहोचवण्यासाठी सर हेन्री बॅगनल सुमारे 4000 सैनिक घेऊन अर्माहून निघाला. वाट दलदलीतून आणि झाडीतून जात होती. ओ’नीलने दोन्ही बाजूंना बंदूकधारी पेरले होते आणि पुढे सुमारे मैलभर लांबीचा खंदक खणून वाट अडवली होती. इंग्रज तुकड्यांमध्ये अंतर पडत गेले, एक तोफ ओढ्याच्या उतारात रुतली, दारूच्या साठ्याचा स्फोट झाला आणि बॅगनल स्वतः गोळी लागून ठार झाला. उरलेले सैन्य कसेबसे अर्माला परतले. आयर्लंडमध्ये इंग्रजांचा इतका मोठा पराभव त्या काळात दुसरा झाला नाही.

तीन वर्षांनंतर चित्र उलटले. 1601 च्या शरद ऋतूत डॉन हुआन देल आगिला याच्या हाताखाली स्पेनची सुमारे साडेतीन हजारांची फौज दक्षिण किनाऱ्यावरील किन्सेल बंदरात उतरली. इंग्रज सेनापती लॉर्ड माउंटजॉयने तिला वेढा घातला. स्पॅनिश मित्रांना सोडवण्यासाठी ह्यू ओ’नील आणि त्याचा साथीदार सरदार ह्यू रो ओ’डॉनेल यांना ऐन हिवाळ्यात उत्तरेकडून सारा देश ओलांडून यावे लागले. वेढा घालणाऱ्या इंग्रजांची छावणी रोगराईने पोखरली होती आणि पाठीमागे आयरिश फौज आल्याने तेच कोंडीत सापडले होते. तरीही जुन्या इंग्रजी पंचांगानुसार 24 डिसेंबरच्या पहाटे आयरिश सैन्याची काही तासांत दाणादाण उडाली.

या पराभवाचे खापर लोककथांनी फितुरीवर फोडले होते. हेज-मॅकॉय यांनी उत्तर रणांगणावर शोधले. अल्स्टरची फौज गनिमी काव्यात तरबेज होती. खिंड, जंगल आणि दलदल हाताशी असली की ती अजिंक्य ठरे. किन्सेलजवळ जमीन मोकळी होती. तेथे भालाइतांच्या दाट चौकोनात, स्पॅनिश धर्तीवर, उभे राहून लढण्याची वेळ तिच्यावर आली. ही रचना टिकवायला दीर्घ सराव लागतो आणि तो या सैनिकांना नव्हता. घोडदळाची अडचण त्याहून मोठी होती. आयरिश स्वार रिकिबीशिवाय बसत आणि भाला डोक्यावर उचलून फेकत किंवा खुपसत. रिकिबीत पाय रोवून समोरून धडक देणाऱ्या इंग्रज स्वारांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. घोडदळ मागे हटताच पायदळाची फळी फुटली. ज्या पद्धतीने युद्ध जिंकत आणले होते, ती सोडावी लागल्याने ते हरले, असा या विवेचनाचा निष्कर्ष होता.

त्यानंतर माउंटजॉयने अल्स्टरमध्ये पिके आणि गुरे नष्ट करण्याचा सपाटा लावला. दुष्काळ पडला आणि प्रतिकार संपला. मार्च 1603 मध्ये मेलिफाँट येथे ओ’नील शरण आला. 1607 मध्ये तो आणि इतर अल्स्टर सरदार देश सोडून युरोपात गेले आणि त्यांच्या जप्त जमिनींवर इंग्रज व स्कॉटिश वसाहती बसवण्याचा मार्ग मोकळा झाला.

जिंकण्यासाठी देश आधी कागदावर उतरवावा लागतो, हे हेज-मॅकॉय यांच्या आणखी एका कामातून दिसते. माउंटजॉयबरोबर रिचर्ड बार्टलेट नावाचा नकाशाकार होता. त्याने अल्स्टरमधील किल्ले, छावण्या, बेटांवरच्या गढ्या आणि उद्ध्वस्त अर्मा शहर रंगीत नकाशांत टिपले. ओ’नील घराण्याच्या प्रमुखाचा अभिषेक टलाहोग येथे ज्या दगडी आसनावर होई तेही त्याने चितारले. माउंटजॉयने 1602 मध्ये ते आसन फोडून टाकले. पुढे डोनेगलमध्ये नकाशे काढण्याचे काम चालू असताना स्थानिक लोकांनी बार्टलेटचे मुंडके उडवले. आपल्या मुलखाची मोजदाद होऊ नये, हे त्यामागचे कारण असल्याचे एका तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आहे. हे नकाशे हेज-मॅकॉय यांनी संपादित करून 1964 मध्ये ‘अल्स्टर अँड अदर आयरिश मॅप्स’ या ग्रंथात टिपणांसह प्रसिद्ध केले. तो ग्रंथ आजही त्या काळाच्या अभ्यासकांचे मूलभूत साधन आहे.

विषयाला संस्थेचा आधार हवा, याची त्यांना जाणीव होती. 1949 मध्ये मिलिटरी हिस्टरी सोसायटी ऑफ आयर्लंड स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि तिच्या ‘द आयरिश सोर्ड’ या नियतकालिकाचे पहिले संपादकही. आयर्लंडमधील युद्धांबरोबरच परदेशी सैन्यांत लढलेल्या आयरिश सैनिकांचा इतिहासही या नियतकालिकात येऊ लागला. सामान्य श्रोत्यांसाठी रेडिओवर झालेल्या व्याख्यानांचे ‘द आयरिश अ‍ॅट वॉर’ हे पुस्तकही त्यांनी संपादित केले.

1958 मध्ये ते आपल्याच गॉलवेच्या कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. 1969 मध्ये आलेले ‘आयरिश बॅटल्स’ हे त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक. 1014 च्या क्लॉन्टार्फपासून 1798 च्या आर्कलोपर्यंतच्या निवडक लढायांचा त्यात परामर्श आहे. प्रत्येक लढाईची पार्श्वभूमी, सैन्यांची रचना, जमिनीचे स्वरूप आणि घटनाक्रम त्यांनी नकाशांसह मांडला. 1567 ची फारसेटमोरची लढाई हे याचे चांगले उदाहरण. अल्स्टरचा सरदार शेन ओ’नील ओहोटीच्या वेळी स्विली नदीचे मुख ओलांडून ओ’डॉनेलांच्या मुलखात शिरला. मार खाऊन तो मागे फिरला तेव्हा भरती आली होती आणि त्याची कितीतरी माणसे बुडाली. भरती-ओहोटीचा हिशेब धरल्याशिवाय या लढाईचा निकाल उलगडत नाही. बेनबर्ब (1646), बॉइन (1690) आणि ऑक्रिम (1691) या सतराव्या शतकातील लढायाही त्यांनी याच दृष्टीने तपासल्या.

27 नोव्हेंबर 1975 रोजी त्यांचे निधन झाले. ‘अ न्यू हिस्टरी ऑफ आयर्लंड’ या बृहद्ग्रंथाच्या तिसऱ्या खंडासाठी त्यांनी लिहिलेली 1534 ते 1603 या काळावरील प्रकरणे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली, तर आयरिश ध्वजांचा इतिहास 1979 मध्ये आला.

त्यांच्यानंतर अभ्यासाची दिशा रुंदावली. गॉलवेतच शिकलेले आणि पुढे तेथे प्राध्यापक झालेले निकोलस कॅनी यांनी 1976 मधील ‘द एलिझाबेथन कॉन्क्वेस्ट ऑफ आयर्लंड’ या ग्रंथात जिंकणाऱ्यांची मनोभूमिका तपासली आणि आयर्लंडमधील वसाहतींचा धागा अमेरिकेतील वसाहतींशी जोडला. हायरम मॉर्गन यांनी ह्यू ओ’नीलच्या उठावामागचे राजकारण नव्याने मांडले. जेम्स ओ’नील यांनी 2017 च्या ग्रंथात नऊ वर्षांच्या युद्धाचा पुन्हा आढावा घेऊन अल्स्टरची फौज पूर्वी मानली गेली त्याहून अधिक आधुनिक होती, असे दाखवले. युद्धातली हिंसा, सामान्य रयतेचे हाल आणि स्त्रियांची भूमिका हे विषय हेज-मॅकॉय यांच्या लेखनात फारसे येत नाहीत; ती उणीव नंतरच्या पिढीने भरून काढली. त्यांचे काही निष्कर्ष बदलले असले, तरी सोळाव्या शतकातील आयर्लंडच्या कोणत्याही लढाईचा अभ्यास आजही त्यांच्याच लेखनापासून सुरू करावा लागतो.