पाळ कोणाची?

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले गाव. त्याच्या काळ्या रानातून जाताना एक प्रश्न मला नेहमी पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात जुने मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. मग विदर्भातच असलेल्या या मुलखात नाल्यावर मातीची पाळ घालून खासगी तळे करण्याची तशी परंपरा का नाही?

पिकाचा फरक आहेच. पूर्वेकडच्या धानाला उभे पाणी लागते, इकडच्या कापसाला ते सोसत नाही. पण दुसरे कारण जमिनीच्या दप्तरात आहे. पूर्वेकडे कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले. नवेगावबांधचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटलाला देते. पुढे मालगुजार सबंध गावाचा आणि तलावाचाही मालक झाला. वऱ्हाडात मात्र रयतवारी. (यवतमाळ जिल्ह्यात इजाऱ्याची गावेही होती; कित्येक गावांच्या नावाला आजही 'इजारा' चिकटलेला आहे.) रयतवारीत पाळ एकाच्या शेतात, बुडीत दुसऱ्याचे आणि ओलित तिसऱ्याचे. असे तळे बांधणार कोण, आणि राखणार कोण?

राखणे हाच खरा मुद्दा, कारण मातीचे धरण एकदा बांधून संपत नाही. काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती पाळीच्या पोटात घालून दाबायची आणि वरून मुरमाचे कवच द्यायचे. पाळीवर झाड वाढू द्यायचे नाही. ते वठले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. सर्वांत महत्त्वाचा सांडवा, पूर्वेकडच्या बोलीत 'सलंग'. पाणी पाळीवरून गेले की माती तासाभरात वाहून जाऊ शकते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर हसे झाले. खेकडे बिळे करतात हे खरेच; पण बिळे वेळेवर बुजवायला माणूस लागतो.

हा माणूस पूर्वेकडे कायद्याने हरवला. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क संपले आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची सत्ता गेली, बरेच झाले. पण पाळीवर माती टाकायला, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची मोरी साफ करायला गाव जमवणाराही गेला. तलाव गाळाने भरत गेले.

आता वऱ्हाडातही एखादा शेतकरी स्वतःच्या नाल्यावर पाळ घालतो, तेव्हा त्याच्यावर नजर कोणाची? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. चार-पाच मीटरची खासगी पाळ त्यात बसतच नाही. मालक हाच तिचा अभियंता आणि पहारेकरी. खालच्या अंगाला घरे असली, तरीही.

अशा मालकाने मृगाआधी भेगा खणून, ओल्या मातीने ठोकून बुजवाव्यात, सांडव्यातली झुडपे काढावीत. तळे भरल्यावर पाळीच्या खालच्या पायथ्याशी रोज एक फेरी मारावी. तिथे निवळ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवावे. गढूळ येऊ लागले तर पाळीची माती आतून निघाली आहे. खालच्या घरांना त्याच क्षणी सांगावे आणि तळे रिकामे करायला घ्यावे.